शिंप्याच्या अंत्ययात्रेला नाचाची धून

कुत्र्याचं नाव छापलं होतं. ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

सीडीच्या वेष्टणामागे बारीक अक्षरांत आभार होते. संगीतकाराचं नाव अर्थातच सगळ्यांत वर, अंगठ्याएवढं. त्याखाली ध्वनिमुद्रण करणारा, त्याचा मदतनीस, मुखपृष्ठाचा छायाचित्रकार, गाडी चालवणारा आणि शेवटी छायाचित्रकाराचं कुत्रं, 'ज्याने सर्वांना धीर दिला.' व्हायोलिन कोणी वाजवलं, क्लॅरिनेट कोणी फुंकलं, ड्रम कोणी बडवले, याबद्दल एक अवाक्षर नाही. म्हणजे ऐकणाऱ्याने असं समजायचं की वाद्यं खोलीत मांडून ठेवली, कुत्र्याने धीर दिला आणि ती आपसूक वाजायला लागली.

मी नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात कारकून आहे. माझी अख्खी नोकरी नावांवर उभी आहे. नाव नसेल तर मेलेल्यालासुद्धा मी मेलेला मानत नाही, नातेवाइकांना परत पाठवतो. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे. पण माझ्या टेबलावरून आजवर एकही माणूस 'आणि इतर' म्हणून गेलेला नाही.

ही सीडी आमच्या घरात आली कशी, तर मुलीमुळे. ती मांगा वाचते. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, विटेएवढी जाड, काळी-पांढरी. त्यातही ही बया असे मांगा शोधून काढते की ते वाचलेली सगळी माणसं एका जिन्यावर बसवता येतील. हा मांगा एका बंदरावरच्या, जहाजांची शिडं शिवणाऱ्या शिंप्याचा होता. त्याच्याबरोबर इथल्याच एका कंपनीने वाचताना ऐकायचं संगीत फुकट दिलं होतं. त्या दिवशी मुलीने ते मोठ्याने लावलं होतं आणि स्वयंपाकघरात बायकोची मावशी मटार सोलत बसली होती.

मावशी गुणगुणायला लागली. कोणीही गुणगुणतं, त्यात काय. पण मावशी यंत्राच्या पुढे चालली होती. ती आधी गुणगुणायची, मागून सीडी वाजायची.

मुलगी दारात आली. "मावशीआजी, तुला हे कसं येतं?"

"मीच वाजवलंय, मला येणार नाही तर कोणाला? आता क्लॅरिनेट येईल बघ. मध्येच दम खाईल. सिगारेटी ओढायचा मेला."

क्लॅरिनेट आलं. मध्येच दम खाल्ला. आम्ही तिघं मावशीकडे बघत राहिलो आणि मावशी मटारात किडे बघत राहिली.

मावशीने उभा जन्म स्टुडिओंमध्ये व्हायोलिन वाजवलं. बोलावणं आलं की जायचं, समोर ठेवतील ते वाजवायचं, घरी यायचं. ते संगीत पुढे कशाला चिकटलं, साबणाला की सिनेमाला, हे कोणी सांगत नसे आणि ती विचारत नसे. आता बरीच वर्षं ती नगरपालिकेच्या संगीत विद्यालयात लहान मुलांना पहिले धडे देते. बोटं कुठे ठेवायची, गज कसा धरायचा, शेजाऱ्याच्या डोळ्यात कसा घालायचा नाही, असलं सगळं.

"एवढं होतं तर प्राचार्यांना सांग ना," बायको म्हणाली.

तेव्हा कळलं. विद्यालयात नवे प्राचार्य आले होते आणि त्यांनी नियम काढला होता की पुढच्या सत्रापासून ज्यांचं नाव एखाद्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणाशी कागदोपत्री जोडलेलं आहे, त्यांनीच शिकवायचं. मावशीचं नाव कुठेच नव्हतं. म्हणून तिचा वर्ग बंद.

"बसेन घरी," मावशी म्हणाली. "मटार सोलायला कोणी नियम विचारत नाही."

पण हे म्हणताना तिने सोललेले दाणे टोपलीत आणि सालं पातेल्यात टाकली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला तोंडपाठ आहे: सरकारी खात्यात आहात ना, मग हला.

मी हललो.

पहिल्यांदा सीडी काढणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. कडक लिहिलं. 'आपण कुत्र्याचं नाव छापता आणि कलावंतांचं छापत नाही, याचा खुलासा करावा.' उत्तर आलं: 'आपली तक्रार मिळाली. सदोष सीडीबद्दल दिलगीर आहोत. नवी पाठवत आहोत.' नवी आली. तीत तेच कुत्रं. मी आणखी कडक पत्र लिहिलं. आणखी एक सीडी आली. जितका राग जास्त तितक्या सीड्या जास्त, असं ते चक्र सुरू झालं आणि शेवटी बायकोने त्या सीड्या खिडकीत कबुतरं हाकलायला दोऱ्याला टांगल्या. कबुतरं मात्र गेली, हे कबूल करायला हवं. कंपनीचा तेवढा एक उपयोग झाला.

एव्हाना बिल्डिंगीत बातमी पसरली होती. समोरच्या घरात विमा एजंट राहतात. जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांच्याकडे सल्ला तयार असतो आणि तो ऐकेपर्यंत ते दारातला पाय काढत नाहीत.

"साहेब, सरळ स्टुडिओ गाठा. तिथे जुने लोक असतात. चहा पाजा, बोलतात." मग आवाज खाली आणून, "मावशींचा काही विमा वगैरे?"

स्टुडिओ गाठला. तिथे आता दातांचा दवाखाना होता. मी दारातल्या टेबलामागच्या बाईंना सांगायला लागलो की मला इथल्या जुन्या माणसांबद्दल विचारायचंय. त्या म्हणाल्या, बसा, नंबर येईल. मी बसलो. सरकारी माणूस आहे, नंबर म्हटलं की बसतो. नंबर आला, खुर्ची आडवी झाली, तोंडात दिवा आला. तोंड उघडं असताना माणूस आपली बाजू मांडू शकत नाही, हे त्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक असावं. बाहेर आलो तेव्हा माझी एक दाढ भरलेली होती आणि माहिती एवढीच मिळाली होती की भिंतींना स्टुडिओचं जुनं जाड अस्तर तसंच ठेवलंय. "आवाज बाहेर जात नाही," डॉक्टर समाधानाने म्हणाले. "वाट बघणारे घाबरत नाहीत."

घरी आलो तो अर्धा जबडा बधिर. एजंट जिन्यातच भेटले. "बोलले का जुने लोक?" मी उत्तर दिलं, पण ते त्यांना कळलं नाही. बरं झालं. छापण्यासारखं नव्हतं.

मग मुलीने सांगितलं की या मांगाच्या वाचकांचं एक मंडळ आहे. वह्या-पेनांच्या दुकानाच्या माळ्यावर भरतं. अध्यक्ष औषधविक्रेते आहेत आणि त्यांनी या संगीतावर प्रबंध लिहिलाय. म्हटलं, सापडलं. जाण्याआधी अभ्यास हवा, म्हणून मी तो मांगा वाचून काढला. खरं सांगतो, मला आवडला. सुरुवातीलाच शिंप्याची अंत्ययात्रा. मग तो पेटीतून उठतो. हळूहळू तरुण होतो. फाटलेली शिडं आपोआप शिवली जातात, बुडालेलं जहाज पाण्यातून वर येतं आणि शेवटी लग्न. आमच्या कार्यालयात मृत्यूची खिडकी आधी लागते आणि जन्माची नंतर, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मंडळात गेलो. अध्यक्ष बोलत होते. त्यांचा मुद्दा असा की या संगीतात 'विपरीत रस' आहे. लग्नाच्या पानांवर रडकं व्हायोलिन आणि अंत्ययात्रेला नाचाची धून. दुःखात सुख आणि सुखात दुःख दाखवणारा असा धाडसी संगीतकार दुसरा नाही. सगळे माना हलवत होते.

मी उठलो. म्हटलं, "संगीताचं राहू द्या, कथाच किती धाडसी आहे. मेलेला माणूस पहिल्याच प्रकरणात उठून बसतो."

मग अध्यक्ष अतिशय प्रेमाने म्हणाले, जसं ते पोटदुखीच्या गिऱ्हाइकाशी बोलत असतील, "काका, जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. तुम्ही उलटं वाचलंत."

हसले सगळे. एक बाई तर डोळे पुसत होती. माझ्या मुलीने पायातल्या चपलेचा पट्टा तपासायला घेतला आणि सभा संपेपर्यंत तो तपासला. मी तिथून निघालो तो ताठ मानेने निघालो. माळ्याचं छत बुटकं होतं, म्हणून डोकं आपटलं ते वेगळं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी तो मांगा पुन्हा काढला. माझ्या घरातलं पुस्तक आहे, मी मला हवं तिकडून वाचीन. मुद्दाम डावीकडून सुरू केलं आणि वर सीडीही लावली, मोठ्याने, मुलीला ऐकू जावी म्हणून.

पहिलं चित्र: शिंप्याच्या पेटीवर माती पडतेय. व्हायोलिन रडतंय. पान उलटलं, शिंपी उठला, क्लॅरिनेट हळूच वर चढलं. वादळाच्या पानांवर ड्रम. जहाज वर आलं आणि तिथेच ड्रम थांबले. लग्नाच्या पानावर तिघं मिळून नाचाची धून. एका टाचणीचा फरक नाही. विपरीत रस वगैरे काही नव्हतं. ज्यांनी हे वाजवलं त्यांनी ते पुस्तक माझ्यासारखंच वाचलं होतं. म्हणजे हा मावशीच्या बोलण्याचा पुरावाच होता: वाजवणारी माणसं जपानी नव्हती, ती डावीकडून वाचणारी होती, ती आपली होती.

मी चप्पल न घालता मावशीकडे पोचलो.

"मग?" मावशी म्हणाली. "पानं मोठी करून दोरीला चिमट्याने टांगली होती, कपडे वाळत घालतात तशी. आम्ही डावीकडून सुरू केलं. आणखी कुठून करणार?"

"आणि संगीतकार?"

"काचेपलीकडे. झोपले होते. तीन चाली देऊन ठेवल्या होत्या, एक मेल्याची, एक वादळाची, एक लग्नाची. पान बघा आणि वाजवा म्हणाले. मधलं सगळं आम्हीच भरलं. ते उठले तेव्हा चहा आला होता."

"मावशी, मेलेला माणूस उठून बसतोय, तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"जावईबापू, आम्ही जन्मभर जाहिरातींना वाजवलं. साबणाची वडी बघून अख्खं कुटुंब नाचतं. त्यापुढे मेलेला उठला तर काय मोठं."

आता सगळं लख्ख झालं. गफलत कळल्यावर संगीतकाराने ती गफलत नाही, कला आहे, असं ठोकून दिलं. कौतुक झालं, पुरस्कार मिळाला. मग वादकांची नावं छापणार कोण? नावं छापली की उद्या कोणी त्यांना विचारणार, आणि हे लोक काय ते खरं सांगून बसणार. कुत्रं तेवढं सुरक्षित. ते बोलत नाही.

मी उरलेल्या दोघांना शोधलं. सोपं होतं, मावशीला पत्ते ठाऊक होते. तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. क्लॅरिनेटवाल्यांचं आता चष्म्याचं दुकान आहे आणि ड्रमवाले गाद्या विकतात. गादीवाले बोलता बोलता गाद्यांवर थापा मारत होते, त्या तालात, आणि गिऱ्हाईक तेवढ्यानेच गादी घेत होतं. चष्मेवाले मात्र का-कू करायला लागले.

"कवळी बसवलीय हो. वरचे सूर शिट्टी मारतात."

"मारू देत," मावशी म्हणाली. "पूर्वी दम खायचास, आता शिट्टी मार. तुझं काहीतरी असायचंच."

मंडळाच्या वार्षिक सभेला संगीतकार स्वतः प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. विषय: 'विपरीत रस, माझा प्रवास.' मी अध्यक्षांना म्हटलं, त्याच सभेत आम्ही एक लहानसं प्रात्यक्षिक करतो. त्यांना आधी वाटलं मी माझ्या त्या दिवशीच्या बोलण्याची भरपाई करतोय. होकार दिला.

आम्ही गेलो. गादीवाल्यांनी ड्रम गाद्यांच्या टेम्पोतून आणले. विमा एजंट न बोलावता आले, आणि आले ते मदतीला लागले. मी म्हटलं तुम्ही बसा. ते म्हणाले, छे, शेजारधर्म आहे. आणि त्यांनी मोठी केलेली पानं दोरीवर टांगायला घेतली.

माळा भरला. संगीतकार पहिल्या रांगेत, पांढरी दाढी, मांडीवर शाल. मी उभं राहून सरळ सांगितलं, "ही सीडी या तिघांनी वाजवली आहे. आता ऐका." मुलीने सीडीचं बटण दाबलं. तिघांनी डावीकडच्या पहिल्या पानाकडे पाहिलं आणि जोरात सुरू केलं.

सीडीवर व्हायोलिन रडत होतं आणि आमचे तिघं नाचाची धून वाजवत होते.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. संगीतकार दाढीत हसले. अध्यक्ष मान हलवत म्हणाले, "काका, पुन्हा?" माझ्या कानशिलांतून वाफ निघत होती. जन्मभराची इभ्रत त्या माळ्यावर दुसऱ्यांदा जाणार, ही खात्री होती. त्याहून वाईट म्हणजे माझ्याबरोबर आता मावशीचा वर्गही जाणार होता.

मावशीने गज खाली ठेवला. दोरीजवळ गेली, चष्मा वर केला.

"हे कोणी टांगलं? शिंपी पहिल्याच पानावर लग्नाला उभा आहे."

एजंट हात वर करून अभिमानाने म्हणाले, "मी. गोंधळ होता, मी नीट लावला. पहिलं पान डावीकडे."

मावशीने चिमटे काढले आणि पानं जशी जपानहून आली होती तशी, उजवीकडून, पुन्हा टांगली. तिने ती भराभर टांगली, कारण एवढ्या वर्षांनीही तिला पुढचं पान कोणतं ते पाठ होतं. "आता लाव गं परत," ती माझ्या मुलीला म्हणाली.

पुन्हा सुरू झालं. डावीकडे आता अंत्ययात्रा होती. सीडीतलं व्हायोलिन आणि मावशीचं व्हायोलिन एकमेकांत इतकं मिसळलं की कोणतं कुठलं ते कळेना. क्लॅरिनेट आलं, शिट्टीसकट. वादळात गादीवाल्यांनी दोरी हलेल इतके ड्रम बडवले, आणि जहाज वर आलं तसे थांबले, सीडीही थांबली. शेवटच्या पानावर तिघं नाचाची धून वाजवत होते आणि लोकांच्या लक्षात यायला लागलं होतं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "अरे, हे तर उलटं वाचूनच वाजवलंय."

अध्यक्षांचा चेहरा पांढरा पडला. त्यांचा प्रबंध त्यांच्या डोळ्यांसमोर शिंप्याच्या जहाजासारखा बुडत होता. सगळ्यांनी संगीतकारांकडे पाहिलं.

आता या माणसाची हुशारी बघा. तो उठला. शाल सावरली. टाळ्या वाजवत पुढे आला आणि मावशीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हीच ती माझी माणसं. यांना मीच सांगितलं होतं, उलट दिशेने वाजवा. किती वर्षं शोधत होतो मी यांना."

शोधत होता म्हणे. मावशी त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते सगळं जिभेवर तयार होतं. तेवढ्यात मावशीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"गप्प बसा," ती हळूच म्हणाली. "आधी सही करू दे."

आणि संगीतकारांनी सही केली. भरसभेत म्हटलं की हीच माझी माणसं, मग लिहून द्यायला नाही कसं म्हणणार? मी कागद मांडला, माझ्या खात्याच्या शिस्तीने, तिघांची संपूर्ण नावं, वाद्यासकट. अध्यक्षांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि सुस्कारा सोडला. प्रबंध बुडता बुडता वाचला होता.

परतताना मी चडफडत होतो. "मावशी, तो धडधडीत खोटं बोलला."

"बोलला."

"म्हणजे खरं काय ते कोणाला कळणारच नाही."

"मग तुम्ही लिहा. पत्रं लिहून लिहून हात बसलाय तुमचा."

म्हणून लिहितोय. तो झोपला होता. हे तीन शब्द छापून येऊ देत, मला दुसरं काही नको.

पण गोष्ट इथे संपली असं समजलात तर तुम्ही कधी कार्यालयाची पायरी चढलेली नाही. प्राचार्यांनी कागद वाचला, उलटा करून पाठ बघितली आणि म्हणाले, "उत्तम. म्हणजे तुम्ही ध्वनिमुद्रित कलाकार. मग पहिल्या धड्यांचा वर्ग तुम्हाला देता येणार नाही. तुम्हाला वरिष्ठ वर्ग. वरच्या मजल्यावरची मोठी खोली."

"आणि लहान मुलं?" मावशीने विचारलं.

"तो वर्ग बंद. तिथे शिकवायला पात्र कोणी नाही."

मी खुर्चीतून उठलोच. म्हणजे कागद नव्हता तेव्हा मावशी वर्गाला कमी पडत होती आणि कागद आल्यावर जास्त झाली. आमच्या खात्यातसुद्धा इतकं सुबक काम होत नाही. मी बोलायला लागणार तेवढ्यात मावशीने शांतपणे विचारलं, "वरिष्ठ वर्गात कोणाला घ्यायचं ते कोण ठरवतं?"

"वरिष्ठ शिक्षक," प्राचार्य म्हणाले. "नियमच आहे तसा."

"बरं," मावशी म्हणाली आणि निघाली.

सत्र सुरू झालं आणि आठवड्याभरात प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. प्रमाणपत्राची प्रत मी साक्षांकित केली होती, म्हणून जबाबदार मीच, असा त्यांचा हिशोब. मी त्यांच्याकडे जाण्याआधी वर डोकावून आलो. मोठ्या खोलीत ओळीने चिमुरडी पोरं उभी होती, हनुवटीखाली व्हायोलिन, गज एकमेकांच्या कानांत. मावशी मधून फिरत कोपर वर कर, मान सोड, असं सांगत होती. दारावर पांढरा कागद चिकटवला होता. तो वाचून मी खाली आलो आणि प्राचार्यांसमोर बसलो.

त्यांची खोली बरोबर त्या खोलीखाली आहे. छतातून असा आवाज येत होता की दहा दरवाजे एकदम बिनतेलाचे उघडावेत. टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरत होता. प्राचार्यांनी दोन बोटं कपाळावर दाबली.

"हा गोंगाट नक्की कोण करतंय?" त्यांनी विचारलं.

"वर जाऊन वाचा," मी म्हटलं. "दारावर एकेकाचं नाव लिहिलंय."